पाहुण्याचा मागचा पाय

कुत्र्यावर पाच आठवडे रुसून बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी. वय अठ्ठावन्न, धंदा फरश्या घासून पॉलिश करण्याचा, स्वभाव नाकावर माशी बसू न देणारा. कुत्रा माझ्या ताईचा. त्याचं नाव पाहुणा. तीन वर्षांपूर्वी तो कुठूनसा तिच्या दारात येऊन बसला. ताई म्हणाली, दोन दिवस राहील आणि जाईल. तो राहिला आणि नावही तेच राहिलं. अंग तपकिरी, पुढचे दोन पाय पांढरे, आणि चेहरा असा की आपणच त्याचं काही देणं लागतो.

राग धरायला कारण होतं. पाच आठवड्यांपूर्वी ताई घरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "पाहुणा पायात आला आणि मी पडले." मी ऐकलं, भाच्याने ऐकलं, नर्सने ऐकलं. ऑपरेशन झालं. आता ती अशा एका ठिकाणी होती जिथे म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात. सोमवारी घरी येणार होती.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला वाढवलं ते तिनेच. माझ्या आयुष्यातली पहिली फरशी तिच्या स्वयंपाकघराची. ती मी पार वाया घालवली होती, लाटा उठल्या होत्या तिच्यावर. तरी येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, "आमच्या धाकट्याने केलीय." अशा बाईला एका कुत्र्याने आडवं केलं म्हटल्यावर माझं डोकं फिरणारच. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, लांबच्या शहरात नोकरीला, ऑपरेशनपुरता येऊन गेलेला. त्याने फोनवर फोन करून एका रोपवाटिकेच्या मालकाला तयार केलं. रविवारी तो माणूस गाडी घेऊन येणार आणि पाहुण्याला कायमचा घेऊन जाणार असं ठरलं. ताई रोज म्हणायची, "घालवू नका रे त्याला, त्याचा काही दोष नाही." आम्ही मामा-भाचे फोनवर एकमेकांना ते सांगायचो. तिचं मन पहिल्यापासून मऊ, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

मी ताईच्या घरी राहायला आलो होतो, घर आणि कुत्रा सांभाळायला. तिने झोपल्या झोपल्या सूचना दिल्या होत्या. दोन वेळा फिरवायचा. नखं वाढली की कापून आणायची. आणि संध्याकाळी एक बिस्किट. "एकच. पण विसरू नकोस. तो वाट बघतो."

विसरलो नाही मी. मुद्दाम दिलं नाही. शिक्षा म्हणजे शिक्षा. संध्याकाळी मी चहा करायचो, तेव्हा तो फडताळाखाली, बरोबर बिस्किटांच्या डब्याखाली येऊन बसायचा. मी त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायचो. फिरवायला नेण्याचंही तेच. दार उघडायचं, फाटकाशी दहा मिनिटं सोडायचं, आत बोलवायचं. एवढं पुरे, म्हटलं. माझ्या बहिणीला तर दाराबाहेरही पडता येत नव्हतं.

बुधवारी दुपारी मी कामावरून परत आलो. किल्ली ताईची होती, तिला एक छोटी घंटी लावलेली. कुलपात किल्ली फिरवली आणि आत काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. "काय पाडलंस रे?" म्हणत मी दार उघडलं. पडलेलं काही दिसलं नाही. पाहुणा स्वयंपाकघराच्या दाराशी आडवा पडला होता. उठला नाही, शेपटीही हलवली नाही. बसलाय फुगून, असं मला वाटलं. बस म्हटलं.

संध्याकाळी तो डब्याखाली आला तेव्हा तीन पायांवर आला. मागचा उजवा पाय पोटाशी दुमडून धरलेला. थांबला की त्या पायाची बोटं नुसती जमिनीला टेकवायचा, जसं कोणी पाण्यात पाय घालून बघावं.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते. आता रोपवाटिकेचा माणूस लंगडा कुत्रा नेणार का, हे आलं. त्याला दुखत असेल हे नंतर आलं.

मग मी कारण शोधायला लागलो, म्हणजे कोणावर तरी खापर फोडायला. समोर एक ड्रायव्हर राहतो, शाळेची बस चालवतो. त्याची स्वतःची एक जुनी निळी गाडी आहे आणि ती मागे घेताना तो कधी बघत नाही, असं माझं ठाम मत होतं. सकाळी कुत्रा फाटकाशी असताना याच्याच गाडीचा धक्का लागला असणार. कुत्र्याला उचलून मी तडक त्याच्या पायऱ्या चढलो.

"तुमच्या गाडीने कुत्र्याचा पाय मोडला," मी म्हणालो.

"माझी गाडी सोमवारपासून गॅरेजात आहे," तो म्हणाला.

तोंडात मारल्यासारखं झालं, पण मी मागे हटणाऱ्यातला नाही. "मग बसचा लागला असेल."

"बस शाळेत उभी असते, काका. इथे वळतसुद्धा नाही." तो पाहुण्याकडे बघत राहिला. "बिचारा. फार शहाणा आहे हो. ताई पडल्या त्या दिवशी यानेच मला बोलावून नेलं. इथे याच पायरीवर ऊन खात पडला होता. ताईंच्या घरातून आवाज आला तसा उठून तिकडे धावला, परत आला, आणि माझी पँट सोडेना."

"तेव्हा तो ताईच्या पायात होता," मी म्हणालो.

"ताई तसं म्हणाल्या खऱ्या. पण तो तर इथे होता."

हा विषय बदलतोय, असं मी धरून चाललो. गाडीचं अंगाशी आलं की माणसं काय वाटेल ते बोलतात. मी कुत्र्याला पुन्हा उचललं आणि घरी आलो.

गुरुवारी सकाळी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, बोलणं थोडं. आधी त्यांनी त्याला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. मग टेबलावर घेतला आणि खालून वर सुरुवात केली. बोटांच्या मधली जागा बघितली, काटा नाही, काच नाही. पंजाची गादी दाबली, घोटा वाकवला. माझं बोलणं चालूच होतं. गाडीचा धक्का असणार, कोणीतरी दगड मारला असणार, आजकाल माणसांचा नेम नाही.

"गाडीचा धक्का लागला तर कुठेतरी खरचटतं," त्या म्हणाल्या. "याचा एक केस हललेला नाही."

मग त्यांनी एक हात मांडीच्या हाडावर ठेवला, दुसरा नळीवर, आणि हळूच ढकललं. नळीचं हाड पुढे सरकलं. टेबलाचा खण बाहेर यावा तसं, मला डोळ्यांनी दिसलं. दुसऱ्या पायावर तेच केलं तर काही हललं नाही. पाहुण्याने एकदाच मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं. चावला नाही.

"गुडघ्यातलं लिगामेंट फाटलंय," बाई म्हणाल्या. "पळताना एकदम वळला, पाय घसरला, की असं होतं. कधी दिसलं?"

"काल संध्याकाळी. सकाळी बाहेर सोडला तेव्हा झालं असणार."

"बाहेरून आत आला तेव्हा लंगडत होता?"

मी आठवलं. दारात उभा राहून मी ओरडलो होतो आणि तो चारही पायांवर उड्या मारत आत आला होता. ते सांगावं लागलं.

"म्हणजे घरात झालं. फरशी कशी आहे घरातली?"

"माझी फरशी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे मी केलेली, परवाच्या ताईच्या वाढदिवसाला. आपला धंदाच तो आहे. घासायच्या एक नंबरच्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत सगळे मारलेत, वर मेणाचे दोन हात. वाकून बघितलं तर भांग पाडता येतो."

बाईंनी पाहुण्याचा पंजा उचलून माझ्यासमोर धरला. नखं वाढून पुढे वळली होती. "फिरवलं की नखं आपोआप झिजतात. ही पाच-सहा आठवड्यांत झिजलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढ्या नखांनी पंजाची गादी धड टेकत नाही. त्यात तुमचा आरसा." त्यांनी नखं कापली, दुखणं कमी करायचं औषध दिलं. कुत्रा अंगाने लहान आहे, दोन महिने नीट विश्रांती मिळाली तर ऑपरेशन टळेलही, म्हणाल्या. "आणि फरशीवर काहीतरी अंथरा. आज."

मी घुश्शातच घरी आलो. पस्तीस वर्षं फरश्या केल्या, कोणी म्हणून नावं ठेवली नव्हती. म्हटलं, दाखवूनच देतो या बाईंना. कुत्र्याला स्वयंपाकघरात पोत्यावर निजवलं आणि बाहेर दिवाणखान्यात पालथा पडलो. आमच्यात फरशी अशीच तपासतात. गाल जमिनीला लावायचा आणि खिडकीच्या उजेडाकडे बघायचं. उभं राहून जे दिसत नाही ते सगळं तिथे लिहिलेलं असतं.

लिहिलेलं होतंच. झोपायच्या खोलीच्या दारातून चार-चार नखांच्या रेघा निघाल्या होत्या, जवळजवळ, पळणाऱ्याच्या. बाहेरच्या दाराकडे वळायच्या कोपऱ्यावर त्या रेघा लांबल्या आणि मागच्या पायाचा एक मोठा कमानदार ओरखडा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. काल दुपारचा धप्प आवाज तिथे संपला होता. किल्लीची घंटी वाजली, त्याला वाटलं ताई आली, आणि तो धावला. पाच आठवडे रोज तो त्या घंटीला असाच धावत असणार. आणि रोज दारात मी.

तरी मी तसाच पडून राहिलो, कारण तो कोपरा मी आधी पाहिला होता. गेल्या आठवड्यात ताई यायची म्हणून मी सगळ्या घरावर नव्याने मेणाचा हात फिरवला, तेव्हा बरोबर तिथेच एक लांब पुसट पट्टा होता. टाचेएवढा रुंद. नखांची एक रेघ नव्हती त्यात. मी तेव्हा कुत्र्याला शिवी घातली होती आणि मशीनच्या दोन फेऱ्यांत पट्टा घालवून टाकला होता.

कुत्र्याला टाच नसते.

मी उठून बसलो. ड्रायव्हरचं बोलणं आठवलं. पण तो तर इथे होता. ताईच्या पायांना कायम गार वाटतं, म्हणून ती घरात लोकरीचे मोजे घालते, हे मला लहानपणापासून माहीत. आणि मी? मी माझ्या फरशीवर आयुष्यात कधी कामाच्या बुटांशिवाय चाललो नव्हतो. जाड रबरी तळाचे बूट. धंद्यातला कोणीच बुटांशिवाय चालत नाही. आम्ही फरशी डोळ्यांनी करतो, डोळ्यांनी तपासतो आणि निघून येतो. तिच्यावर चालायचं बाकीच्यांनी.

मी ताईच्या कपाटातून तिचे मोजे काढले, ओढूनताणून पायात घातले, झोपायच्या खोलीत गेलो. तिचा फोन बाहेर दिवाणखान्यात असतो. तो वाजतोय असं मनाशी धरलं आणि कोपऱ्यावर वळलो.

छत दिसलं. कोपरावर आपटलो होतो आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणत होता. स्वयंपाकघरातून पाहुण्याने एकदा बारीक भुंकून विचारलं. त्याच्याशिवाय विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

किती वेळ पडून होतो कोण जाणे. माझ्या बहिणीला मी पाडलं होतं. तिच्या वाढदिवसाची भेट म्हणून चार दिवस खपून, मन लावून, चकचकीत करून पाडलं होतं. वर पुरावा पुसून पुन्हा मेण लावून ठेवलं होतं, नवा खुबा घेऊन सोमवारी येणाऱ्या बाईसाठी. ही अक्कल झाकायला मी एका मुक्या जनावराला घराबाहेर काढायला निघालो होतो.

भाच्याला फोन लावला. "रोपवाटिकेवाल्याला नको म्हणून सांग."

"मामा, आता काय झालं? आईला परत पाडेल तो."

"तुझी आई कुत्र्यामुळे पडली नाही. माझ्या फरशीमुळे पडली."

 तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे." तो मला चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

गाडीतली कामाची सगळी गोणपाटं आणि जाड चादरी काढून मी घरभर अंथरल्या आणि ताईकडे गेलो. वॉकरच्या आधाराने ती तिथल्या व्हरांड्यातून चालत होती. पायात राखाडी मोजे होते, तळाला रबराचे ठिपके असलेले. "इथे सगळ्यांना हेच घालायला लावतात," ती म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "कोपराला काय झालं?"

"घसरलो."

"कुठे?"

"तुझ्या दिवाणखान्यात. तुझे मोजे घालून."

ती बाकावर बसली. वॉकर दोन्ही हातांनी धरून ठेवला. "फार लागलं का?" तिने विचारलं.

हेच ते. आयुष्यभर हेच. मला रडू आलं आणि मी ते खोकल्यावर निभावून नेलं. "पाहुण्याचा पाय गेलाय," मी म्हणालो. "त्याच कोपऱ्यावर. दोन महिन्यांत बरा होईल म्हणतात. तू मला सांगितलं का नाहीस, ताई?"

"काय सांगायचं? चार दिवस गुडघ्यांवर रांगत होतास. साऱ्या जगाला फोन करून सांगत होतास, ताईच्या घरात आता आरसा लागायचा नाही म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू मशीन विकून मोकळा झाला असतास आणि जन्मभर तोंड लपवलं असतंस. मी ओळखत नाही होय तुला?" तिने वॉकरची रबरी मूठ नखाने खरवडली. "पडल्या पडल्या कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. त्याचं घेतलं. तुम्ही त्याला घालवायलाच निघाल म्हणून काय माहीत? रोज सांगत होते, दोष नाही त्याचा. उद्या भाच्याला तुझ्या खरं सांगणारच होते."

"सांगितलं मी."

"बरं केलंस." ती म्हणाली. "त्याला बिचाऱ्याला काय कळतंय, कोणी नाव घेतलं ते. कुत्रा मनाला लावून घेत नाही. संध्याकाळी त्याचं एक बिस्किट मिळालं की त्याचं सगळं ठीक असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "देतोस ना रोज?"

हो म्हणणं सोपं होतं. डबा काही बोलायला येणार नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही दिलं नाही. शिक्षा म्हणून."

तिने मला लहानपणापासून हज्जारदा झापलंय, त्याची मला सवय आहे. या वेळी तिने झापलं नाही. नुसती बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी आले नव्हते, एवढं मला कळलं.

"मग इथे काय बसलायस?" ती म्हणाली. "जा घरी."

मी घरी आलो तेव्हा ऊन अजून पायरीवर होतं. किल्लीची घंटी मुठीत दाबून धरली, तरी कुलपात फिरवताना ती वाजलीच. आत गोणपाटावर खसफस झाली. "तू नको उठूस," मी दारातूनच म्हणालो. "मी येतो." बूट बाहेर काढले आणि अनवाणी आत गेलो. तो तीन पायांवर उभा राहिलाच होता. त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं, कोणी नाही असं बघून घेतलं आणि पुन्हा बसला. मी डबा काढून त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. किती द्यावीत ते कळेना. तिने एकच म्हटलं होतं, म्हणून एक पुढे केलं.

बिस्किट घेताना त्याने माझ्या बोटांना दात लागू दिला नाही.